काळं धरलंय!

रविवारी नणंदबाई आल्या होत्या. हात धुऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "अगं, बाथरूमच्या कोपऱ्यात काळं धरलंय बघ." त्यांचा भाऊ समोरच सोफ्यावर बसला होता. तो तीच बाथरूम वापरतो. पण घराचे हप्ते त्याचे आणि घरातली बुरशी माझी, ही वाटणी आमच्याकडे न बोलताच झालेली आहे.

माहिती हवी असणाऱ्यांसाठी थोडक्यात: बुरशीचे बीजाणू हवेत कायमच असतात. त्यांना ओल, साबणाचा थर आणि कोंडलेली हवा मिळाली की पुरे. आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की त्यांचं फावतं, आणि आमच्या ठाण्यात पावसाळ्यात ती ८०-९० असते. ब्लीचने टाइल उजळते. फटींच्या सिमेंटमध्ये शिरलेले तंतू मात्र तिथेच राहतात. अंघोळीनंतर भिंती वायपरने निपटून हवा खेळती ठेवणं, हाच खरा इलाज. आणि ब्लीचमध्ये ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आता ही खेळती हवा आणायची कुठून? आमच्या बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते. सगळ्या मजल्यांचे एक्झॉस्ट फॅन वाफ त्याच डक्टमध्ये सोडतात. खालच्यांनी साबण बदलला की आम्हाला वासावरून कळतं. खिडकी उघडी ठेवावी तर कबुतरं. शिवाय पाऊस आहे तोवर दोरीवरचे ओले कपडेही तिथेच. बिल्डरच्या माहितीपत्रकात नळ इटालियन होते. हवेबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं आणि घर बघायला गेलेल्या पुरुषमंडळींनी ते विचारलंही नाही.

कुटुंबाच्या ग्रुपवर धाकट्या दिरांनी उपाय पाठवला: खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करा. फेस छान येतो, व्हिडिओत तर फारच. पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि उरतं खारट पाणी. दीर राहतात सोलापुरात. तिथे टॉवेल वाळतात.

मला स्वतःला बुरशीचा फार राग धरता येत नाही, कारण माझं माहेर पिंपरी. तिथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पेनिसिलिनसाठी तिथे मोठमोठ्या टाक्यांत बुरशी हौसेने वाढवत. गंमत म्हणजे तिथल्याच संशोधकांनी पिंपरीच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून बुरशी मारणारं औषधही काढलं, हॅमायसिन. त्या जीवाचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंपरिना. आमच्या गावाला जगाच्या पुस्तकात अशी जागा मिळाली.

हे मी अभिमानाने ग्रुपवर टाकलं. सोलापूरहून लगेच उत्तर आलं: "वहिनी, मग माहेरून एक बाटली मागवा की!"

ते औषध माणसांसाठी होतं, भिंतींसाठी नव्हे, असं लिहिलं आणि पाठवायच्या आधीच खोडलं. वाद वाढवला तर दिवाळीला हे गृहस्थ व्हिनेगरचा कॅन घेऊन येतील.