हस्तरची भूक आणि पवनारचा प्रयोग

वर्ध्याहून नागपूरकडे निघाले की धाम नदीच्या काठी पवनार लागते. तेथील परंधाम आश्रमात आचार्य विनोबा भावे यांनी १९५० च्या सुमारास ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग आरंभला. पैशाच्या देणगीवर विसंबावयाचे नाही, बैलांवाचून, माणसाच्याच श्रमाने जमीन कसावयाची आणि जे पिकेल त्यावर निर्वाह करावयाचा, असे त्याचे स्वरूप होते. या व्रतस्थ प्रयोगाचा एखाद्या भयपटाशी संबंध जोडणे प्रथमदर्शनी विक्षिप्तपणाचे वाटेल. परंतु राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटाने पवनारचाच प्रश्न उलट्या बाजूने विचारला आहे.

हा चित्रपट २०१८ च्या ऑक्टोबरात प्रदर्शित झाला, तेव्हा त्याला मिळालेला प्रतिसाद बेताचाच होता. पुढे त्याचा निष्ठावंत चाहतावर्ग वाढत गेला आणि २०२४ च्या सप्टेंबरात तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा अधिक उत्पन्न त्याने मिळविले. नारायण धारप यांच्या भयकथांचे ऋण सांगणाऱ्या या चित्रपटाचा आरंभ, पृथ्वी सर्वांची गरज भागवू शकते, हाव मात्र भागवू शकत नाही, या आशयाच्या गांधीजींच्या नावे प्रचलित असलेल्या वचनाने होतो. म्हणजे भयपटाची पहिलीच पाटी सेवाग्रामची आठवण करून देणारी आहे.

कथेतील हस्तर हा समृद्धीच्या देवीचा ज्येष्ठ पुत्र. आईचे सारे सोने त्याने बळकावले. धान्यावर हात टाकताना मात्र इतर देवांनी त्याला रोखले. सोने त्याच्या लंगोटीत आहे आणि पोटात आग आहे. कोकणातल्या तुंबाडच्या वाड्यात खोल उतरून विनायकराव त्याच्यापुढे कणकेची बाहुली टाकतो आणि तो ती खात असताना चार नाणी ओढून पळतो. पुण्यातील त्याचा सारा थाटमाट या नाण्यांवर उभा आहे.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांचा भेद पानेच्या पाने खर्चून समजावून सांगितलेला असतो. सोन्याने मढलेला हा उपाशी देव तो एका दृश्यात सांगून जातो. पोटाच्या भुकेला सीमा असते. दुसऱ्या भाकरीची गोडी पहिलीइतकी नसते. केवळ धनासाठी मिळविलेल्या धनाला मात्र अशी सीमा नाही, हे ॲरिस्टॉटलनेही ओळखले होते. पुढे विनायकरावाचा मुलगा पांडुरंग एक हिशेबी कल्पना काढतो: एकाऐवजी अनेक बाहुल्या न्याव्यात आणि सारी लंगोटीच पळवावी. परिणाम असा की बाहुल्या जितक्या, तितके हस्तर समोर उभे राहतात. भांडवल वाढविले की लाभ वाढतो, एवढेच ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा प्रसंग अवश्य पाहावा.

अशा चित्रपटांची परंपरा परदेशांतही आहे. जॉर्ज रोमेरो यांच्या १९७८ च्या ‘डॉन ऑफ द डेड’मध्ये चालती प्रेते एका भव्य बाजारसंकुलात गोळा होतात, जिवंतपणीची सवयच त्यांना तेथे खेचून आणते. जॉन कार्पेंटर यांच्या १९८८ च्या ‘दे लिव्ह’मधील बेकार मजूर एक चष्मा डोळ्यांवर चढवितो आणि जाहिरातींच्या फलकांमागे दडलेल्या, आज्ञा पाळण्याच्या व उपभोग घेण्याच्या, हुकुमांचे त्याला दर्शन होते.

बाजाराचे पचन मात्र विलक्षण आहे. रोमेरो यांनी जेथे चित्रीकरण केले, ते पेनसिल्व्हानियातील संकुल त्याच चित्रपटामुळे चाहत्यांचे प्रेक्षणीय स्थळ बनले. आपल्याकडेही ‘तुंबाड’ पाहावयाचा तो बहुधा सरकत्या जिन्यांनी चढून, दुकानांच्या झगमगत्या रांगांमधून वाट काढीत. हस्तरला भिऊन बाहेर पडलेला प्रेक्षक त्याच रांगेत हप्त्याने भ्रमणध्वनी घेतो. पुढील वर्षाचा पगार आज गहाण टाकण्याची सोय आता कारकुनालाही आहे आणि शिक्षकालाही. कणकेची बाहुली प्रत्येकाच्या हाती आहे. प्रत्येकाला वाटते की आपण चपळ आहोत, आपण सुटून येऊ.

उपहास भय दाखवू शकतो. ‘किती म्हणजे पुरे’ हे माप तो देऊ शकत नाही. ते माप शोधण्याचा यत्न वर्धा परिसरात झाला. मगनवाडीत ग्रामोद्योगाचे कार्य करणारे जे. सी. कुमारप्पा यांनी १९४५ मध्ये टिकाऊपणाचे अर्थशास्त्र मांडले आणि विनोबांनी पवनारला ते माप स्वतःच्या जगण्याला लावून पाहिले. हा प्रयोग देशभर पसरला नाही, हे खरे. १९५१ च्या मार्चमध्ये विनोबा पदयात्रेस निघाले आणि पुढचा इतिहास भूदानाचा झाला. सर्वांनी चलन टाकून द्यावे, असे आज कोणी म्हणणारही नाही.

येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. संतोषाचा उपदेश उपाशी माणसाला करणे ही शुद्ध वंचना होय. याच विदर्भातील कापूस उत्पादक शेतकऱ्याला बियाण्यासाठी कर्ज काढावे लागते. ती हाव नव्हे, गरज आहे. माप ठरविण्याचे दायित्व, ज्यांच्या ताटात पुरेसे आहे त्यांचे आहे. मध्यमवर्गाला हे अप्रिय वाटते, कारण गरज कोठे संपते हे तो नेहमी आपल्याहून श्रीमंत शेजाऱ्याकडे पाहून ठरवितो.

पवनारला आश्रमाची जमीन खणताना भरत-रामाच्या भेटीचे एक प्राचीन शिल्प मिळाले. चालून आलेले राज्य ज्याने नाकारले, त्या भरताचे ते शिल्प. तुंबाडच्या वाड्याखालीही खोल उतरले जाते. तेथून नाणी येतात आणि अखेरीस विनायकरावाचे विद्रूप शरीर. मरणोन्मुख बाप सोन्याने भरलेली लंगोटी पुढे करतो, तेव्हा ती घ्यावयास पांडुरंग नकार देतो. चित्रपटातील सर्वांत मोठे धाडस वाड्यात उतरण्याचे नाही, या नकाराचे आहे. तो नकार एका मुलाला साधला. सुशिक्षित प्रौढांना तो का साधू नये?