विश्लेषण : कॅम्पर भाड्याने मिळेल, मुक्कामाचे काय?

मुलाकडे अमेरिकेत गेलेले निवृत्त आई-वडील म्हणजे नायगारा, न्यूयॉर्क आणि डिस्नेलँड, हे समीकरण आता जुने होत चालले आहे. काही जोडपी लास व्हेगासहून कॅम्पर भाड्याने घेतात आणि झायन, ब्राइस कॅनियन अशी युटातील राष्ट्रीय उद्याने दोघेच हिंडून येतात. फोटोत दिसतो तो गाडीतला ओटा, पलंग आणि खिडकीबाहेरचे लाल कडे. ही सहल ज्याच्या जिवावर होते, ते कॅम्पग्राउंड मात्र फोटोत क्वचितच येते. महाराष्ट्रात कॅराव्हॅन पर्यटनाची चर्चा होते तेव्हाही नेमके तेच सुटते.

गाडीच्या पोटात काय असते?

अशा कॅम्परमध्ये साधारण तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची. दुसरी ओटा आणि न्हाणीचे सांडपाणी साठवणारी, तिला ‘ग्रे’ म्हणतात. तिसरी शौचालयाची, म्हणजे ‘ब्लॅक’. दोन-चार दिवसांत या टाक्या भरतात आणि ठरावीक ‘डम्प स्टेशन’वरच रिकाम्या कराव्या लागतात. त्याचाही क्रम आहे. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे मागून येणाऱ्या साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हातमोजे घालून हे काम स्वतःच करायचे असते. आयुष्यभर ‘ते काम दुसऱ्याचे’ मानणाऱ्यांना परदेशातली ही शिकवणी थोडी जडच जाते!

बाकी गाडी चालवणे त्या मानाने सोपे. भाड्याच्या कॅम्परला बहुधा मोटारीचा साधा परवाना पुरतो. मात्र इंधन भरपूर लागते. मोठी गाडी लिटरमागे जेमतेम चार किलोमीटर जाते. उंची-रुंदीचेही भान ठेवावे लागते. झायनमधला डोंगर कोरून काढलेला बोगदा १९३० साली खुला झाला, तो त्या काळच्या मोटारींच्या मापाचा. तिथे कॅम्पर नेण्याआधी नियम आणि मापे तपासावीच लागतात.

कॅम्पग्राउंडवर काय मिळते?

एक आखलेली जागा, बाकडे, शेकोटीचे कडे. सोय चांगली असेल तर ३० किंवा ५० अँपिअरची वीजजोडणी, पाण्याचा नळ आणि काही ठिकाणी थेट सांडपाण्याची जोडणीही. राष्ट्रीय उद्यानांतल्या बहुतेक जागांवर एवढे सगळे नसते, खासगी कॅम्पग्राउंडवर असते. अशीच एक मोठी खासगी साखळी, ‘केओए’, १९६२ मध्ये मोंटानातील बिलिंग्ज गावी सुरू झाली. त्या वर्षी सिएटलच्या जागतिक प्रदर्शनाला निघालेली कुटुंबे वाटेत मुक्कामाला जागा शोधत होती. प्रवासी आधीच रस्त्यावर होते, कमी होती ती सोयीची.

सोयीबरोबर शिस्तही येते. रात्री साधारण दहानंतर शांतता. जनरेटर ठरलेल्या वेळेतच. योसेमिटीसारख्या उद्यानात अस्वलांमुळे खाण्याचे सामान लोखंडी कपाटात बंद ठेवावे लागते. लाकूडही जवळपासच विकत घ्यावे असा आग्रह असतो, कारण दुरून आणलेल्या सरपणातून झाडांना लागणारी कीड पसरते. हे सगळे पाहायला अनेक ठिकाणी ‘कॅम्पग्राउंड होस्ट’ असतो. बहुतेकदा ते एक निवृत्त जोडपेच असते. हंगामभर आपल्याच कॅम्परमध्ये राहते, नवख्यांना वाट दाखवते, गलका करणाऱ्यांना समज देते आणि बदल्यात जागा फुकट वापरते.

एक खरे, तिथे ऐनवेळी जागा मिळत नाही. गाजलेल्या उद्यानांत अनेक ठिकाणचे आरक्षण सहा महिने आधी खुले होते आणि उन्हाळ्यातल्या जागा बघता बघता संपतात. बासष्टी ओलांडलेल्या नागरिकांना व कायम रहिवाशांना ज्येष्ठांचा पास मिळतो, त्यावर अनेक सरकारी कॅम्पग्राउंडचे शुल्क निम्मे होते. पर्यटक व्हिसावर गेलेल्या आई-बाबांना ही सवलत नाही.

महाराष्ट्रात अडते कुठे?

राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले. त्यात गाडीबरोबर कॅराव्हॅन पार्कचाही विचार आहे, ही त्याची जमेची बाजू. केरळनेही त्याच वर्षी ‘केरावॅन केरळ’ योजना आणली. पण चर्चा होते ती गाडीच्या वातानुकूलनाची आणि सोफ्याची. काळी टाकी कुठे रिकामी होणार, हे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न नाजूक वाटला तरी टाळण्यासारखा नाही. पवना धरणाच्या काठी आज तंबूंचा मोठा व्यवसाय आहे, आणि त्याच धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडला पिण्यासाठी जाते. तिथे उद्या कॅम्पर उभे राहिले आणि डम्प स्टेशन नसेल, तर सांडपाणी उताराने कुठे जाईल हे सांगायला तज्ज्ञ नको. त्यामुळे गाड्यांना सवलती देण्याआधी पर्यटन महामंडळाच्या निवासांच्या आवारात चार-पाच जागा, वीजजोडणी, नळ आणि मलनिस्सारणाची पक्की सोय उभी करणे जास्त शहाणपणाचे. महामंडळाकडे मोक्याच्या जागा आहेत. माळशेज, भंडारदरा, महाबळेश्वर ही नावे नवी नाहीत. देखरेखीला माणूस कुठून आणायचा, ही अडचण पुढे केली जाईलच. पुण्या-नाशकातली धडधाकट, निवृत्त जोडपी दोन महिने भंडारदऱ्याच्या काठी फुकट राहायला मिळणार असेल, तर बहुधा रांग लावतील.