विश्लेषण : अपडेट लगेच करावे की थांबावे?

संगणकावर किंवा मोबाइलवर अपडेटचा संदेश आला की अनेक जण ‘नंतर’ हा पर्याय निवडतात. अपडेटनंतर कुणाचे तरी यंत्र बिघडल्याचे कानावर आलेले असते. ही भीती निराधार नाही. पण थांबण्याचीही किंमत मोजावी लागते. ऑपरेटिंग सिस्टीम तयार करणाऱ्यांनाही हाच पेच पडतो : दुरुस्ती लवकर द्यायची की पूर्ण तपासून?

घाई केली तर काय होते?

मायक्रोसॉफ्टने २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १०ची नवी आवृत्ती दिली. काही दिवसांतच फायली नाहीशा झाल्याच्या तक्रारी आल्या. ज्यांनी ‘डॉक्युमेंट्स’सारखे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवले होते, त्यांच्या मूळ फोल्डरमध्ये उरलेल्या फायली या अपडेटने काढून टाकल्या. कंपनीने ६ ऑक्टोबरला वितरण थांबवले आणि सुधारित आवृत्ती १३ नोव्हेंबरला दिली. असा फटका दहा हजारांत एकालाच बसला, असे कंपनीचे म्हणणे होते. मात्र, चाचणी करणाऱ्या काहींनी ही त्रुटी आधीच कळवली होती. असंख्य अभिप्रायांत ती दुर्लक्षित राहिली. त्यानंतर तक्रार किती गंभीर आहे हे नोंदवण्याची सोय करण्यात आली.

थांबले तर काय होते?

मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी फाइल शेअरिंगमधील एक गंभीर त्रुटी दुरुस्त केली. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हे खंडणीखोर सॉफ्टवेअर त्याच त्रुटीतून सुमारे १५० देशांत पसरले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत हजारो रुग्णांच्या भेटीच्या वेळा रद्द कराव्या लागल्या. तेथील बाधित संगणकांपैकी बहुतेकांवर विंडोज ७ होती. तिला कंपनीचा आधार सुरू होता आणि दुरुस्तीही उपलब्ध होती; ती बसवलेली नव्हती.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला ‘नॉटपेट्या’ने मर्स्क या जहाज कंपनीला गाठले. त्याची झळ नवी मुंबईजवळील जेएनपीटी बंदरातील या समूहाच्या टर्मिनललाही बसली. पसरण्यासाठी या हल्ल्यानेही हीच त्रुटी वापरली. पण त्याचा शिरकाव झाला होता तो युक्रेनमधील एका लेखा सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. अपडेट न केल्याचा आणि अपडेटवर विसंबल्याचा, असे दोन्ही धोके एकाच हल्ल्यात दिसले.

दुरुस्ती जाहीर होताच धोका का वाढतो?

दुरुस्ती प्रसिद्ध झाली की हल्लेखोर जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदलले ते पाहतात. म्हणजे दुरुस्तीच त्रुटीचा ठावठिकाणा सांगते. तोवर मोजक्यांना ठाऊक असलेली गोष्ट सर्वांना कळते आणि अपडेट न केलेले संगणक सोपे लक्ष्य ठरतात. त्यासाठीच मायक्रोसॉफ्ट २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा दुरुस्त्या एकत्र देते. तारीख आधीच ठाऊक असल्याने कार्यालयांना चाचणीची तयारी करता येते. अगदीच निकड असेल, तर मंगळवारची वाट न पाहता दुरुस्ती दिली जाते.

लिनक्सचा मार्ग कोणता?

लिनक्सने दोन प्रवाह वेगळे ठेवले आहेत. कर्नेलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. ‘स्टेबल’ शाखेत मात्र दुरुस्त्याच घेतल्या जातात आणि त्यांचे नियम कडक आहेत. दुरुस्ती आधी मुख्य शाखेत आलेली असावी, ती तपासलेली आणि निःसंशय बरोबर असावी, शंभर ओळींपेक्षा मोठी नसावी.

डेबियन ही लिनक्स वितरणप्रणाली आणखी सावध आहे. साधारण दोन वर्षांनी येणाऱ्या तिच्या आवृत्तीत पुढे नवी वैशिष्ट्ये सहसा येत नाहीत. सुरक्षेपुरते बदल जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आणून बसवले जातात. या सावधपणाचा फायदा मार्च २०२४ मध्ये दिसला. ‘एक्सझेड’ या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी तरी चोरवाट पेरली होती. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ती उघड केली, तेव्हा बाधित आवृत्त्या डेबियनच्या चाचणी शाखांत पोहोचल्या होत्या, स्थिर आवृत्तीत नाही.

अर्थात ही स्थिरता फुकट मिळत नाही. जुन्या आवृत्तीत दुरुस्त्या आणत राहणे जिकिरीचे असते. लिनक्स कर्नेलच्या दीर्घकालीन आवृत्त्यांचा सहा वर्षांचा आधार दोन वर्षांवर आणण्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले, ते याच कारणाने.

तोल नेमका कुठे जातो?

दोन ठिकाणी. पहिले, सगळे बदल एकत्र बांधले जातात तेव्हा. विंडोज १० पासून महिन्याच्या दुरुस्त्या एकाच गठ्ठ्यात येतात. त्यातील एक नको असेल, तर सर्वच नाकाराव्या लागतात. एका त्रासदायक बदलामुळे वापरकर्ता आवश्यक सुरक्षा दुरुस्तीही टाळू लागतो.

दुसरे, बदल एकाच वेळी सर्वांना दिला जातो तेव्हा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची सदोष फाइल अवघी ७८ मिनिटे वितरित होत होती. तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतात विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ही फाइल ऑपरेटिंग सिस्टीमची नव्हती. पण तिच्या गाभ्यात चालणाऱ्या सॉफ्टवेअरची होती. तीच फाइल आधी थोड्या यंत्रांवर गेली असती, तर दोष तिथेच कळला असता. त्यानंतर कंपनीने टप्प्याटप्प्याने वितरण सुरू केले.

म्हणजे वेग आणि स्थिरता यांचे मुळात वैर नाही. बदल छोटा असेल, वेगळा असेल आणि मागे घेता येत असेल, तर तो लवकर देणे परवडते.

वापरकर्त्याने काय करावे?

सुरक्षा दुरुस्ती आणि नवी आवृत्ती यांत फरक करावा. मासिक सुरक्षा दुरुस्ती काही दिवसांत बसवावी. त्रुटीचा प्रत्यक्ष गैरवापर सुरू असल्याचे जाहीर झाले, तर त्याच दिवशी. नवी वैशिष्ट्ये आणणाऱ्या मोठ्या आवृत्तीसाठी मात्र काही आठवडे थांबायला हरकत नाही. कार्यालयांनी आधी दोन-चार संगणकांवर अपडेट करून पाहावे. बॅकअप दोन्ही वेळी हवाच. २०१८ मध्ये ज्यांच्याकडे तो होता, त्यांचे दस्तऐवज वाचले.

ज्या प्रणालीचा आधारच संपला आहे, तिथे थांबण्यात अर्थ नाही. विंडोज १०ची नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विस्तारित सुरक्षा योजनेत नाव न नोंदवलेल्या अशा संगणकावर अपडेटचा संदेश आता येणार नाही. त्रुटी मात्र सापडत राहतील.