मातृभाषक की शिक्षक?

इंग्रजी कोणी शिकवावी, हा प्रश्न आपल्याकडे इंग्रजी विभागाचा खासगी प्रश्न मानला जातो. आम्ही मराठीचे अध्यापक. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथे राहतो आणि मराठी शिकवतो. तरीही या प्रश्नात आम्ही शिरतो आहोत, कारण त्याच्या उत्तरावर वर्गातील मराठीचे स्थान अवलंबून आहे. इंग्रजी घेऊन एम.ए. झालेले आमच्या भागातील काही तरुण आता परदेशी शाळांत इंग्रजी शिकवण्याच्या नोकऱ्यांची चौकशी करतात. त्यांच्या बोलण्यात दक्षिण कोरियाचे नाव वारंवार येते. ही नोकरी नेमकी कशी असते आणि ती कोणाला मिळते, हे पाहिले तर आपल्याकडच्याही काही गोष्टी उघड होतात.

कोरियात परदेशी इंग्रजी शिक्षक दोन ठिकाणी दिसतो. पहिले ठिकाण म्हणजे सरकारी शाळा. १९९५ साली सुरू झालेल्या ‘एपिक’ या शासकीय योजनेतून तो तिथे येतो. करार एक वर्षाचा, अध्यापन आठवड्याला साधारण २२ तासांचे, राहायला घर, वर्गात सोबतीला एक कोरियन सहशिक्षक. सुट्टीत मुले नसली तरी बरेच दिवस शिक्षक-खोलीत नुसते बसून राहावे लागते. दुसरे ठिकाण म्हणजे ‘हागवॉन’, अर्थात खासगी शिकवणी. तिथला दिवस शाळा सुटल्यावर सुरू होतो आणि रात्रीपर्यंत चालतो. सोलमध्ये तर हागवॉन रात्री दहाला बंद करण्याचा नियमच करावा लागला. विद्यापीठ-प्रवेशाच्या परीक्षेत इंग्रजी श्रवणाचा भाग चालू असताना तो देश सुमारे अर्धा तास विमानांची ये-जा थांबवतो. इंग्रजीचे ओझे तिथल्या मुलांवर किती आहे, याची कल्पना एवढ्यावरून यावी.

अशा शिक्षकाला कोरियन भाषेत ‘वॉन-ओ-मिन’ म्हणतात, म्हणजे मूळ भाषेचा माणूस. हा मूळ भाषेचा माणूस ठरतो तो पासपोर्टावरून. इंग्रजी शिक्षकाचा ‘ई-२’ व्हिसा सर्वसाधारणपणे सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. यांतील दक्षिण आफ्रिकेत २०११ च्या जनगणनेनुसार इंग्रजी ही दहातल्या एकाचीही घरची भाषा नव्हती. हागवॉनमध्ये शिकवायला या देशांच्या नागरिकाला कोणत्याही विषयातील पदवी पुरते. भारतीयांसाठी १ जानेवारी २०१० पासून अमलात आलेल्या भारत-कोरिया आर्थिक करारात एक अरुंद वाट ठेवली आहे. इंग्रजीची पदवी आणि अध्यापनाची पात्रता असलेल्या भारतीयाला तिथल्या शाळेत सहायक शिक्षक होता येते. ज्याने शिकवण्याचे शास्त्र अभ्यासले तो सहायक, आणि ज्याने भूगर्भशास्त्र वा वाणिज्य अभ्यासले तो ‘मूळ भाषेचा’ शिक्षक, असा हा हिशेब आहे.

ज्याला असा मान मिळतो, त्याच्याही वाट्याला आपलेपणा येतोच असे नाही. २००७ पासून कोरियाने या परदेशी शिक्षकांना एचआयव्हीची चाचणी सक्तीची केली. सोबत काम करणाऱ्या कोरियन शिक्षकांना ती नव्हती. एका शिक्षिकेने नकार दिला, प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद-निर्मूलन समितीपुढे गेले, आणि २०१५ साली समितीने कोरियाला दोष दिला. २०१७ मध्ये ती अट मागे घेण्यात आली. भाषा हवी, पण ती बोलणारा माणूस संशयित, अशी ही दहा वर्षांची स्थिती होती. दरवर्षी बदलणारा आणि मुलांची भाषा न येणारा शिक्षक हा वर्गात अखेर एक नमुना म्हणून उभा राहतो.

नमुन्याचा उपयोग नाही, असे आम्ही म्हणत नाही. उच्चार, लय, बोलण्यातली सहजता यांसाठी मातृभाषक कानावर पडलाच पाहिजे. परंतु ऐकवणे आणि शिकवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कोरियन वाक्यात क्रियापद मराठीप्रमाणेच शेवटी येते. विभक्तीचे काम नामाला मागून जोडलेली रूपे करतात. समोरच्याचे वय आणि मान पाहून क्रियापद बदलते. आपल्या तू-तुम्ही-आपण या पायऱ्या तिथल्या मुलाला नव्याने समजावून सांगाव्या लागणार नाहीत. इंग्रजीतल्या ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांसारखे काही मराठीत नाही, कोरियनमध्येही नाही. म्हणून ‘द’ कुठे लावायचा, या प्रश्नाशी सिंदीचा विद्यार्थी आणि सोलचा विद्यार्थी सारखेच झगडतात. ज्याला ‘द’ जन्मतःच मिळाला, त्याला हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो. तो चूक दुरुस्त करील, पण ती का झाली हे त्याला सांगता येईलच असे नाही. मराठीतून इंग्रजीकडे गेलेला शिक्षक तो रस्ता स्वतः चाललेला असतो. बाजार नेमके हेच ज्ञान हिशेबात धरत नाही.

परदेशी शिक्षक कसा असू शकतो, याचे एक उदाहरण आमच्या जवळच आहे. सिंदीहून वर्ध्याकडे निघालेली गाडी तुळजापूर, सेलू रोड ही स्थानके मागे टाकून सेवाग्रामला पोचते. तिथल्या नई तालीमच्या अध्यापक-प्रशिक्षणाची धुरा स्वातंत्र्यानंतर अनेक वर्षे मार्जोरी साइक्स या इंग्रज बाईंनी वाहिली. केंब्रिजमध्ये इंग्रजीचे शिक्षण घेतलेल्या मार्जोरीबाई १९२८ साली मद्रासच्या एका मुलींच्या शाळेत आल्या आणि तमिळ शिकल्या. पुढे शांतिनिकेतनात त्यांनी बंगाली इतकी आत्मसात केली की रवींद्रनाथांच्या नाटकांचा इंग्रजी अनुवाद केला. त्यांचाही पासपोर्ट ‘योग्य’ देशाचाच होता. पण त्यांचे शिक्षकपण आले ते जिथे गेल्या तिथली भाषा आधी शिकण्यातून.

वर्ध्याच्याच भूमीवर २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरलेल्या शिक्षण परिषदेने शिक्षणाचे माध्यम मातृभाषा असावी, असा ठराव केला होता. त्यानंतर काही महिन्यांतच, १९३८ साली, जपानी राजवटीने कोरियातील शाळांत कोरियन भाषा ऐच्छिक ठरवली आणि पुढे ती जवळजवळ हद्दपार केली. १९४५ नंतर कोरियन लोकांनी ती परत आणली आणि सोडली नाही. तिथल्या प्राथमिक शाळेत १९९७ पासून इंग्रजी तिसरीत सुरू होते. गणित, विज्ञान, इतिहास मात्र कोरियनमध्येच शिकवले जातात. महाराष्ट्राने २००० साली इंग्रजी पहिलीपासून आणली, आणि नंतर सेमी-इंग्रजीच्या नावाने गणित-विज्ञानही मराठीच्या हातून जाऊ लागले. कोरियाने इंग्रजीचा शिक्षक आयात केला, तरी शाळेची भाषा आपली ठेवली. आपण शिक्षक आयात केला नाही, पण शाळेची भाषाच बदलायला निघालो.

शिवाय पासपोर्टाची अट आपल्याकडे नाही, असे समजण्याचे कारण नाही. गावोगावच्या इंग्रजी शाळांच्या जाहिरातींत ‘कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांना प्राधान्य’ असे छापलेले असते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली, इंग्रजी कष्टाने कमावलेली मुलगी तिथेही सहायकच ठरते. आमच्या वर्गातली मुले घरी वऱ्हाडी बोलतात, पुस्तकात प्रमाण मराठी वाचतात आणि त्यावर इंग्रजी चढवतात. या तिन्ही पायऱ्या ठाऊक असलेला शिक्षक त्यांना हवा आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. बी.एड.च्या इंग्रजी अध्यापन पद्धतीत मराठी आणि इंग्रजी व्याकरणाचा तुलनात्मक अभ्यास अनिवार्य असावा, आणि तो शिकवायला इंग्रजी व मराठी विभागांनी एकत्र बसावे. इंग्रजी शिक्षकाच्या मुलाखतीत उच्चार जरूर तपासावा. त्यानंतर एक प्रश्न मराठीतही विचारावा: मुलाने केलेली ही चूक कुठून आली, ते त्याच्या भाषेत समजावून सांगा.