पेटीवरचं पद उष्टं नव्हे

रत्नागिरीत संगीत नाटक अजून रंगमंचावर उभं राहतं. प्रेक्षक ऑर्गनचा पहिला सूर ऐकून सावरून बसतो. पण तेच पद कुणी गायकाविना नुसतं पेटीवर वाजवलं की नाकं मुरडणारेही भेटतात. त्यांचं म्हणणं ठरलेलं: शब्द गेले, सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड गेली, उरला तो उष्टा माल.

उष्टा म्हणायचा तर मूळ ताट कुणाचं होतं, तेही पाहावं लागेल. खाडिलकरांचं ‘मानापमान’ रंगभूमीवर आलं 1911 मध्ये. गोविंदराव टेंबे यांनी त्यातल्या कितीतरी चाली पूरब बाजाच्या ठुमरी-दादऱ्यांवरून घेतल्या होत्या. टेंबे स्वतः नावाजलेले पेटीवादक, हा योगायोगही ध्यानात घ्यावा. पाच वर्षांनी ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी मराठी पदांत उतरवल्या. कोठीवरची ठुमरी ‘मानापमान’मधल्या भामिनीच्या तोंडी गेली तेव्हा ती बाटली नाही; मग तीच चाल गळ्यातून पट्ट्यांवर आली की कशी बाटते?

पेटीत मींड नाही, हा आक्षेप जुना आणि खरा. जॉन फोल्ड्ससारख्या संगीतकारांनी तो हिरिरीनं मांडला, रवींद्रनाथांनाही हे वाद्य नको होतं. 1940 मध्ये रेडिओनं पेटीला दार लावलं, ते 1971 पर्यंत उघडलं नाही. पण नाटकाच्या पिटातला ऑर्गन तरी कुठे मींड काढत होता? त्याच्या पट्ट्याही तशाच ठाम. तरी बालगंधर्वांच्या गाण्यामागे, कादरबक्षांच्या सारंगीशेजारी, तो खुशाल नांदला.

शब्द जातात, हे मात्र मान्य करायलाच हवं. ज्यानं पद कधी ऐकलेलंच नाही, त्याला पेटीवर फक्त सुरावट भेटते. ती सुरावट स्वतःच्या पायावर उभी राहते की नाही, एवढाच मग प्रश्न.

ती उभी करायला नुसती नक्कल पुरत नाही. पायपेटीचा भाता पाय चालवतात, त्यामुळे दोन्ही हात मोकळे: उजवा पद म्हणतो, डावा खालचा षड्ज धरून ठेवू शकतो. हातपेटीत एक हात भात्यात अडकलेला, म्हणून शब्दांचे तुकडे दाखवायला हवेचा दाब कमीजास्त करायचा. मींडेच्या जागी शेजारच्या सुराचा कण घ्यायचा, लांबवलेला स्वर खटक्यानं सोडायचा. काय टाकायचं हे ठरवण्यातच वादकाची अक्कल दिसते.

यात सगळी पदं सारखी नाहीत. सावरकरांनी रत्नागिरीत स्थानबद्ध असताना लिहिलेलं ‘संन्यस्त खड्ग’ 1931 मध्ये रंगभूमीवर आलं. त्यातली वझेबुवांच्या चालींची पदं मास्टर दीनानाथांनी गायली. दीनानाथांची झेप, टप्प्याच्या अंगाच्या तुटक हरकती पेटीला मानवतात. बालगंधर्वांची लाडीक, ओघळती जागा तिथे अवघड. तिथे हात आखडता घेणारा वादक शहाणा.

गळ्यातली चाल वाद्यावर आणणं युरोपातही झालं. माउरो ज्युलियानी यांनी 1820च्या दशकात रॉसिनीच्या ऑपेरांतल्या चाली गुंफून एकट्या गिटारसाठी सहा ‘रॉसिनियाना’ लिहिल्या, त्याच्या ऑपेरांच्या प्रारंभीचं वाद्यवृंदाचं संगीत दोन गिटारांवर आणलं. तिथे तर अख्खा वाद्यवृंद सहा-सहा तारांत बसवायचा होता.

आपल्याकडे पी. मधुकरांनी नाट्यपदांच्या पेटीवादनाच्या तबकड्या काढल्या. त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकरांनी ती वाट पुढे नेली. त्यांना 2016 मध्ये पद्मश्रीही मिळाली. आणि 1925 मध्ये जन्मलेले, गुहागरकडचे गोविंदराव पटवर्धन! ते पेटीवर पद वाजवायचे तेव्हा जाणकार श्रोता मनात शब्द म्हणत असायचा. चिडायचंच असेल, तर सिंथेसायझरवर सतार, बासरी आणि व्हायोलिन एकाच पदात कोंबणाऱ्यावर चिडावं. त्यानं टाकायचं ते काहीच टाकलेलं नसतं.