खेळ आमचा, डॉलर तुमचा!

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात, नाहीतर ‘चक दे’मधला शाहरुख. पण टोरोंटोत जॉब करणाऱ्या एखाद्या मित्राला विचारून बघा. तिथे हॉकी म्हणजे बर्फावरचीच, आणि तिची थट्टा चालत नाही! १९९४ मध्ये तर कॅनडाच्या संसदेने कायदाच करून टाकला, की आईस हॉकी हा आमचा हिवाळी राष्ट्रीय खेळ.

एवढा आटापिटा कशासाठी? कारण शेजारी अमेरिका. सिरियल्स त्यांच्या, सिनेमे त्यांचे, मॉलमधले ब्रँड्स त्यांचे, इंग्लिशसुद्धा जवळपास तसंच. मग ‘आम्ही वेगळे’ हे सांगायचं कशाच्या जोरावर? अर्थात हॉकीच्या!

पण खरी गोची पुढेच आहे. एनएचएल ही लीग १९१७ मध्ये माँट्रियलला जन्मली. १९२४ मध्ये बोस्टनची पहिली अमेरिकन टीम आत आली. आज ३२ टीम्सपैकी २५ अमेरिकेत आणि कॅनडात फक्त ७. खेळ यांचा, मार्केट त्यांचं.

पहिला मोठा झटका बसला ९ ऑगस्ट १९८८ ला. एडमंटन ऑयलर्सने चक्क वेन ग्रेट्झकीला लॉस एंजलिसच्या टीमला देऊन टाकलं. देव विकला हो! चिडलेल्या लोकांनी मालकाचा पुतळा जाळला. सरकारने हा सौदा थांबवावा, अशी मागणी एका खासदाराने केली. ग्रेट्झकीच्या लग्नाला महिनाही झाला नव्हता आणि बायको अमेरिकन अभिनेत्री. मग काय, तिच्याही नावाने बोटं मोडून झाली!

नव्वदच्या दशकात तर डॉलरनेच घात केला. तिकिटं विकायची घसरत्या कॅनेडियन डॉलरमध्ये आणि प्लेयर्सचे पगार मोजायचे अमेरिकन डॉलरमध्ये. रुपयात कमावून अमेरिकेतली फी भरणाऱ्यांना हे गणित वेगळं समजवायला नको. १९९५ मध्ये क्युबेकची टीम डेन्व्हरला गेली आणि पुढच्याच वर्षी तिने स्टॅन्ली कप जिंकला. जखमेवर मीठ! विनिपेगकरांनी आपली टीम वाचवायला वर्गणी काढली, तरी १९९६ मध्ये ती गेलीच. कुठे? फिनिक्सला, वाळवंटात! त्याच वर्षी एका अमेरिकन चॅनलने टीव्हीवर पक नीट दिसावा म्हणून त्याभोवती निळी चमक सोडली. कॅनडात लोकांनी कपाळाला हात लावला.

हा सगळा राग २०२५ मध्ये उफाळून आला. ट्रम्प कॅनडाला ‘५१ वं राज्य’ म्हणत होते. १५ फेब्रुवारीला माँट्रियलमध्ये अमेरिकन राष्ट्रगीताला हुर्यो मिळाली आणि मॅच सुरू झाल्यावर पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या. ती मॅच अमेरिकेने घेतली, पण २० तारखेला बोस्टनमधल्या फायनलला ओव्हरटाइममध्ये कॉनर मॅकडेव्हिडने गोल ठोकला. कॅनडा ३, अमेरिका २. देशही घेऊ देणार नाही आणि खेळही नाही, अशी पोस्ट तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांनी लगेच टाकली.

आता त्या फायनलचे कॅप्टन बघा. कॅनडाचा सिडनी क्रॉस्बी, खेळतो पिट्सबर्गसाठी. अमेरिकेचा ऑस्टन मॅथ्यूज, तोच टोरोंटोच्या टीमचाही कॅप्टन! हा मॅथ्यूज वाढला अॅरिझोनात. लहानपणी त्याने हॉकी पाहिली ती कुणाची? विनिपेगहून उचलून आणलेल्या त्याच टीमची!

म्हणजे डॉलरने टीम नेली, पण तिच्या मागून वाळवंटातलं एक पोरगं हॉकीच्या प्रेमात पडलं. कॅनडाचं खरं टेन्शन मला वाटतं इथेच आहे. टीम गेली तर दुसरी आणता येते, विनिपेगने २०११ मध्ये आणलीच. स्टॅन्ली कपही कधीतरी घरी येईल. १९९३ च्या माँट्रियलनंतर २०२५ पर्यंत तो एकाही कॅनेडियन टीमला मिळाला नाही, तो भाग वेगळा.

पैशाने नेलेलं परत मागता येतं. पण शेजाऱ्याचं पोरगं तुमच्याच खेळावर जीव टाकायला लागलं, तर तक्रार कुठे करणार?