आरोग्यविचार : आळस कीं आजार?

मोठ्या कुटुंबांत कोणाचें वागणें बदललें कीं त्यास नांव ठेवावयास आपण विलंब लावीत नाहीं. बाळंतपणानंतर सून वरचेवर निजूं लागली तर ती आळशी, दीर चिडूं लागला तर तो तापट आणि सासरे विसरूं लागले तर त्यांचें वय झालें! परंतु या तिन्ही गोष्टींचें मूळ कधीं कधीं गळ्यांतील एका लहानशा ग्रंथींत असतें.

ती ग्रंथि म्हणजे थायरॉइड. तिचा स्राव शरीराच्या सर्व व्यापारांची गति राखतो. तो कमी पडला म्हणजे चुलींतील विस्तव मंदावल्यासारखें होतें. आहार तोच असून वजन वाढतें, इतरांस उकडत असतां थंडी वाजते, त्वचा कोरडी पडते, केस गळतात, मलावरोध जडतो व मन उदास राहतें. स्त्रियांचा मासिक स्राव वाढतो. पुरुषांची कामेच्छा मंदावते. उलट, स्राव अति झाल्यास भूक असूनही अंग झडतें, छाती धडधडते, हात कांपतात व क्षुल्लक कारणानें राग येतो. हे विकार स्त्रियांत अधिक. म्हणूनच पुरुषांच्या बाबतींत शंका उशिरां येते.

एकेकटें लक्षण निरोगी माणसांतही आढळतें. यास्तव घरीं निदान ठरवूं नये; अनेक लक्षणें एकत्र येऊन टिकलीं तर डॉक्टरांच्या सल्ल्यानें रक्ताची टी. एस. एच. तपासणी करवावी.

सन १८९१ मध्यें इंग्लंडांत डॉ. जॉर्ज मरे यांनीं मेंढीच्या ग्रंथीचा अर्क देऊन ४६ वर्षांच्या एका स्त्रीस बरें केलें. ती त्या उपचारावर पुढें २८ वर्षें जगली. आज स्राव कमी पडल्यास कृत्रिम रीतीनें बनविलेली बारीक गोळी पुरते. ती सकाळीं उपाशीपोटीं, चहापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून ४ तास दूर ठेवाव्या. बरें वाटलें म्हणून ती आपण होऊन सोडूं नये. गोळी घेणाऱ्या स्त्रीनें गर्भ राहिल्याचें कळतांच डॉक्टरांस सांगावें. कारण पहिल्या तीन महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्याच स्रावावर अवलंबून असते.

घरच्या माणसाच्या स्वभावास दोष देणें सोपें आहे. पण जिला विश्रांति व औषध हवें तिला बोल लावले, तर रोग तसाच राहतो आणि मन मात्र दुखावतें. म्हणून आधीं तपासणी व्हावी. दोष देण्याची वेळ मग बहुधा येणारच नाहीं.